गुलाबी नळी आणि डॉ. औटी यांचा प्रश्न

डॉ. यशवंत औटी यांची आणि माझी पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, सावेडीतील त्यांच्या रुग्णालयात झाली. प्रयोगशाळेतील नोकरीसाठी मुलाखत होती. माझी गुणपत्रिका त्यांनी उघडली नाही. "एकाच घरात आनुवंशिक मूत्रपिंडविकार. थोरल्याची मूत्रपिंडं चाळिशीआधी निकामी होतात, धाकटीची चालू राहतात. का?" मला माहीत नाही, असे मी सांगितले.

"मलाही नाही. सोमवारपासून या."

मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी वाढवणारा हा विकार आईकडून किंवा वडिलांकडून येतो. पण त्याचा वेग भावंडांतही वेगळा असतो. नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीरात तयार होऊन रक्तवाहिन्या सैल करतो, हे तेव्हा नवे ज्ञान होते. तो जास्त झाला तर पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियांचे काम अडते, असेही निबंध येऊ लागले होते. वेगातला फरक इथे असेल का, हा विचार सरांना स्वस्थ बसू देत नसे. वायू लगेच नाहीसा होतो; म्हणून लघवीत मागे उरणारे नायट्रेट आम्ही मोजत असू. आधी त्याचे नायट्राइट करायचे, मग रंग आणणारे द्रावण घालायचे; तुलनेसाठी एका नळीत हे रूपांतर न करताच द्रावण घालायचे. रंग जितका गुलाबी, तितके प्रमाण जास्त.

घोडेगावच्या सुमनताईंचा नमुना सर्वांत गडद आला. त्यांचा थोरला भाऊ याच विकाराने गेला होता. पुण्याच्या परिषदेत वाचायच्या आमच्या निबंधाला हवा होता तो पुरावा मिळाला, असे मला वाटले. सरांनी नळी उजेडात धरली.

"रूपांतर न केलेली नळी कुठंय?"

तीही गुलाबी होती. ताज्या लघवीत नायट्राइट नसते, त्यामुळे तसे व्हायला नको.

"नायट्रेटचं नायट्राइट जंतूंनीच केलेलं दिसतंय. सूक्ष्मदर्शकाखाली बघा."

जंतू होते. सरांनी त्याच दिवशी निरोप धाडून सुमनताईंना बोलावून घेतले.

"अंगात कणकण आहे का, ताई?"

"हाय थोडी. पर बाजारात म्हस इकायची हुती, निजून कसं भागंल?" मग आवाज खाली गेला. "डॉक्टर, माझं बी दादावानीच व्हनार का?"

"तसं होऊ नये म्हणून ठेवून घेतोय. म्हैस तुमचे मालक विकतील."

"त्ये? त्ये फुकट देऊन येत्याल!"

संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोचला होता. औषधांनी तो आटोक्यात आला आणि मूत्रपिंडे शाबूत राहिली. आता बाकीचे नमुनेही पुन्हा तपासायला हवेत, म्हणून सरांनी निबंध मागे घेतला. मी नळ्या धूत बसले होते. चहाचा कप माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, "प्रश्न तसाच आहे. उद्या पुन्हा लावू."

आजही तो प्रश्न सुटलेला नाही. सुमनताई तपासणीला येतात. सरांच्या साठीची बातमी ऐकून गेल्या खेपेला त्यांनी सरांना दटावलेच: "लगीच साठी? माझी किडनी थकंल तवा तुमीच पायजे. त्याआदी दवाखाना सोडायचा न्हाई, सांगून ठिवते."

सर हसले आणि ताईंचा रक्तदाब मोजू लागले.

सरांना दीर्घ, निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सहकाऱ्यांची इच्छा आहे. सुमनताईंची ती गरज आहे.