तक्त्यातली एक ओळ

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तो न ऐकताच गेला. लेकीला नाही. नातीला तर मुळीच नाही. ती मला ‘कॉम्प्युटरवाली आजी’ म्हणून मैत्रिणींपुढं मिरवते. तुम्ही ओळखीचे नाही, तेच बरंय. बसा जरा.

आधी त्या वेळची मी कशी होते ते बघून घ्या, म्हणजे हसायला सोपं जाईल. चाळिशी ओलांडलेली बाई, चितेगावच्या पलीकडच्या मेंढपाळाची लेक, आणि गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र. भाजी आणायला जातानाही ते काढायची नाही! मेथीवालीला काय कळावं, की तिच्यापुढं सर्व्हर सांभाळणारी उभी आहे म्हणून?

एका बिल्डरच्या ऑफिसात होते मी. शहर तेव्हा पैठण रोडनं नुसतं सुटलं होतं. पाणी मात्र आटलं होतं. जायकवाडीत बुडालेल्या गावांची जोती उघडी पडली होती, आणि लोक सुट्टीच्या दिवशी ती बघायला जायचे. फ्लॅट नवे, नळ नवे, नळात वारा.

सायबांच्या पाच स्कीमा. पाचही नावांची वेगवेगळी डोमेन, प्रत्येकीचा ईमेल तिच्या-तिच्या नावाचा पाहिजे. आणि सर्व्हर? एकच. स्टेशनरीच्या कपाटाशेजारी, एसीच्या गारव्यात बसलेला. काम माझ्या गळ्यात पडलं. मी पाचही ठिकाणी ‘पाणी’ नावाचा पत्ता उघडला. रोज सकाळी प्रत्येक स्कीमेतल्या एकानं टँकरसाठी तिथं मेल टाकायचा. फोन चालणार नाही. फोनवर भांडणं फार व्हायची. नऊपर्यंत मेल आला तर टँकर, नाहीतर नाही.

झालं काय, पाचही स्कीमांचे मेल एकाच पेटीत येऊन पडायला लागले. कुणाचा टँकर कुणाच्या दारात! मी रडकुंडीला आले.

सोडवलं कुणी? — नंदाताईनं.

नंदाताई औरंगपुऱ्यात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. माउस हातात कसा धरायचा, इथपासून मला तिनं शिकवलं. सकाळचा एक कॉम्प्युटर माझ्यासाठी राखून ठेवायची, दुसऱ्या कुणाला बसू द्यायची नाही. त्या रविवारी ती ऑफिसात आली, बघितलं, आणि खो खो हसली. “सुमे, तुझ्या बापाच्या वाघरीत पाच घरची मेंढरं एकत्र बसायची ना गं? मग कुणाचं कुठलं, ते कसं कळायचं?”

पाठीवरच्या गेरूच्या खुणेवरनं कळायचं. जाळीचं कुंपण एक, खुणा पाच.

“मग? तू नुसतं मेंढरू बघतीस. खूण बघ की!”

खूण म्हणजे पत्त्यातलं ‘@’च्या पुढचं स्कीमेचं नाव, ते डोमेन; अलीकडचं ‘पाणी’ तर पाचही ठिकाणी एकच. तिनं तक्ता करायला लावला: डावीकडं पूर्ण पत्ता, डोमेनसकट; उजवीकडं त्याची पेटी. पाच ओळी. सगळं सुरळीत झालं. सोमवारी सायबांना मी सांगितलं, मी केलं. — नाही नाही, कबूल करायचंय ते हे नाही. ही तर नुसती सवय होती माझी.

पुढं नंदाताईनं आमच्याच तिसऱ्या स्कीमेत फ्लॅट घेतला. बिल्डिंगीनं मेल टाकायचं काम तिच्याकडं दिलं. कॉम्प्युटर शिकवते म्हटल्यावर दुसरं कोण करणार? वास्तुशांतीला सायब आले होते. जिलेबी वाढता वाढता ती म्हणाली, “हिला मीच घडवलंय बरं का सायब! त्या पाच ओळीसुद्धा—” आणि माझ्याकडं बघून प्रेमानं हसली. सायबही हसले. “मग तुम्हीच या की आमच्याकडं नोकरीला.”

एवढंच. याहून जास्त काही घडलं नाही. पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, की तिनं आणखी काही केलं असेल, मला कधी तोडून बोलली असेल — नाही. जिलेबीच तेवढी.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता उघडला. तिसऱ्या ओळीच्या उजव्या बाजूला पेटीचं नाव बदललं. कुणी न उघडणारी एक पेटी. पत्ताच पुसला असता तर मेल परत गेला असता, तिला कळलं असतं. मला तिला कळू द्यायचं नव्हतं. मेल जायला हवा होता, आणि पोचायला नको होता. बघा, किती हुशार होते मी!

तिच्या बिल्डिंगीच्या तीन पाळ्या चुकल्या. त्या पेटीतले तिचे मेल मी चहा पिता पिता वाचायची. पहिला अगदी नीटनेटका, ‘कृपया’ वगैरे. तिसऱ्यात लिहिलं होतं: वरच्या मजल्यावर ओली बाळंतीण आहे, निदान दोन ड्रम तरी पाठवा. वाचलं. बिस्कीट बुडवलं, ते मोडून चहात पडलं, त्याचीच हळहळ वाटली.

चौथ्या दिवशी नंदाताईचा फोन. “सुमे, येतीस का गं? माझंच काहीतरी चुकतंय बहुतेक.”

जायच्या आधी मी ओळ होती तशी करून ठेवली. बिल्डिंगीखाली रिकाम्या ड्रमांची रांग. तिच्या घरात बायका दाटीनं उभ्या. तिनं पाठवलेले मेल एक-एक उघडून मला दाखवले. तारीख बरोबर, पत्ता बरोबर. आणि मी — ओळखपत्र नीट करत — म्हणाले, “ताई, हे नुसतं गेल्यासारखं दिसतंय. तुझं पत्त्यात चुकतंय. सरक.”

ती सरकली. तोच मेल, तोच पत्ता, मी टाकला. ऑफिसात फोन लावला, उशिराचा मेल तेवढा घ्यायला सांगितलं. दुपारी टँकर दारात.

“अगं बाई, आन् ही म्हनं क्लास चालवते!” मागनं कुणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या खोलीत खरं काय ते मला एकटीला ठाऊक होतं, आणि ते लई गोड लागलं. बारा-तेरा बायका हसताना नंदाताई पडद्याकडं बघत राहिली. पत्ता एक-एक अक्षर बोटानं वाचत होती. चूक शोधत होती बिचारी.

बिल्डिंगीतल्या पोरांनी तिचा क्लास सोडला. मग बाहेरच्यांनी. पण क्लास पोरांमुळं बंद पडला नाही. शिकवताना ती मध्येच थांबायला लागली, तेच तेच तीनदा तपासायला लागली. एक दिवस पाटी उतरवली. आता साड्यांना फॉल-पिको करते.

नातीनं मागं विचारलं, आजी, तुला कॉम्प्युटर कुणी शिकवला? म्हटलं, माझी मीच शिकले.

नंदाताई अजून येते. पेन्शनचं, लाइटबिलाचं, काही मेल करायचं असलं की फोन हातात घेऊन येते. “तूच टाक गं सुमे, माझ्याच्यानं जात नाय.” मागच्या मंगळवारीही आली होती. तिनं सांगितलं, मी लिहिलं, पाठवलं.

“पोचला?” तिनं विचारलं.

“पोचला,” मी म्हणाले.

“तू होतीस म्हणून गं,” म्हणाली, आणि पिशवीतनं माझ्यासाठी आणलेली मेथी काढून निवडायला बसली.