पालथे दाणे

एकतीस वर्षं तो एकाच खुर्चीत, एकाच सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. समुद्राच्या तळाचा गाळ चाळणीत धुवायचा, वाळवायचा, आणि त्यातली खसखशीएवढी कवचं ओल्या कुंचल्याच्या टोकावर उचलून काळ्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर चिकटवायची, हे त्याचं काम. त्या प्रत्येक कवचात कधीकाळी एका पेशीचा जीव राहून गेला होता. प्रयोगशाळेत सगळे त्यांना दाणे म्हणत आणि त्याला कुंचलेकाका.

शिक्षण बेताचं, पण जुन्या साहेबांनी सांगितलेलं त्याने गाठीला बांधून ठेवलं होतं. चपटा दाणा पाणगवताला चिकटून शेवाळ खाणारा, लांबुळका चिखलात शिरून कुजकं खाणारा, गोल काटेरी तरंगता तरंगता शिकार धरणारा. विचारा, की उत्तर तयार. बायको म्हणायची, "परक्याची अंगकाठी बघून त्याचं ताट ओळखता, आणि घरच्या आमटीत मीठ नाही ते कळत नाही."

पहिल्या वर्षी हात बसावा म्हणून त्याने एक पट्टी दाण्यांची तोंडं वर करून लावली होती. साठ चौकटी, साठ आ वासलेली तोंडं. बघून त्याला कसंसंच झालं. तेव्हापासून तो दाणा पालथा लावू लागला. पाठीवरची नक्षी वर, तोंड खाली. साहेब फक्त लांबी-रुंदी मोजायचे, त्यांचं काही अडलं नाही. महिनाभरातच दमट हवेत डिंक सुटला आणि दोन पट्ट्यांवरचे दाणे एका कोपऱ्यात गोळा झाले. मग त्याने कुणाला न विचारता डिंक सोडून लाकूडकामाचा पक्का गम धरला. काम कायमचं झालं म्हणून मनातल्या मनात खूशही झाला.

साहेब गेले. त्यांच्या जागी मॅडम आल्या. प्रयोगशाळा लहान जागेत हलणार होती आणि कुठली कपाटं न्यायची ते त्यांनीच ठरवायचं होतं. काकांची सात कपाटं बघून त्यांचा चेहरा खुलला. तोंड किती रुंद त्यावर घास ठरतो का, आणि अंगाचा आकार त्याच्याशी जुळतो का, हेच त्यांना शोधायचं होतं. त्यांनी एक पट्टी भिंगाखाली धरली, मग दुसरी, मग पाचवी. सगळीकडे पाठीच वर. दाणे पाणी लावून उलटे करून द्या म्हणाल्या. काकांची कानशिलं तापली, आणि गमाचं न सांगताच तो पट्ट्या उचलून जागेवर गेला.

तीन दिवस त्याने कोमट पाणी लावलं, स्पिरिट लावलं, सुईने टोकरलं. एकेचाळीस दाण्यांचा चुना झाला. जो एक अख्खा सुटला त्याचं तोंड पुठ्ठ्यालाच राहिलं. चौथ्या दिवशी तो मॅडमसमोर उभा राहिला आणि गमाचं सांगून टाकलं.

"कुणी सांगितलं होतं हा गम लावायला?"

"कुणी नाही. माझंच डोकं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "नुसत्या आकारावरून काय खात होते ते साहेबांनी ठरवलं, काका. ते खरं की नाही, तेच तर बघायचं होतं."

तेव्हा त्याला पहिली पट्टी आठवली. खणाच्या तळाशी होती, साध्या डिंकाची, तोंडं वर असलेली. मॅडमनी ती घाईने भिंगाखाली घेतली. सगळी तोंडं स्वच्छ दिसत होती. मग त्यांनी पट्टी उलटी करून मागची बाजू बघितली. गाळ कुठला, किती खोलीवरचा, यातलं काही लिहिलेलं नव्हतं. सरावाची पट्टी, कोण लिहितो? त्याने आठवून आठवून बघितलं. ठावठिकाण्याशिवाय ती कामाची नव्हती. शेवटी मॅडमनी ती त्याच्या हातात परत दिली, आणि सात कपाटं न्यायच्या यादीत आली नाहीत.

तो पट्टी घरी घेऊन आला. बायकोने ताट वाढून, वाचायचं भिंग आणून ती बराच वेळ न्याहाळली.

"एवढाली तोंडं," ती म्हणाली. "काय खात होते हो हे?"

"माहीत नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, थट्टा करतोय. तिने ताट त्याच्यासमोर सरकवलं. त्याने पहिला घास मोडला आणि तसाच हातात धरून बसला.