रोटीच्या रांगेतला भाऊ

इथे आखातात, महबूलात आमच्या घराजवळ रोटीची भट्टी आहे. तिथे बाई आली की पुरुष तिला रांगेत पुढे सोडतात. सकाळी माझ्यापुढे नेहमी एक वयस्कर माणूस असे. अंगात गॅरेजचे निळे कपडे, हातात कागदात गुंडाळलेला कांदा. मला बघून तो मागे सरके. "जाओ बहन, बच्चे भूखे होंगे." मला मूल नाही. पण परक्या माणसाला ते सांगायचं कसं, म्हणून मी मान हलवायची आणि पुढे व्हायची.

एके दिवशी माझ्या सहा रोट्या झाल्या आणि पीठ संपलं. भट्टीवाल्याने खिडकी लावली. तेवढ्यात शुवैखच्या गॅरेजांकडे जाणारी त्या माणसाच्या कंपनीची बस आली. दोन रोट्या त्याच्या हातावर ठेवायच्या, एवढंच करायचं होतं. माझा हात पुढे झालाच नाही. तो हसून म्हणाला, "बच्चों ने खाया तो समझो हमने खाया," आणि नुसता कांदा घेऊन बसमध्ये चढला.

घरी नवऱ्याने आणि मी मिळून चार खाल्ल्या. दोन उरल्या.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून गेले. तो तसाच बाजूला झाला. मी मान हलवली आणि पुढे गेले.