काकांच्या भिंतीवर माझी पदवी

काकांनी माझी पदवी भिंतीवरून ओढली आणि टेबलाच्या कडेवर आपटली. काच फुटली. एक तुकडा माझ्या तळहातात घुसला, कारण मी मूर्खासारखी फ्रेम झेलायला गेले होते.

"ही भिंत लॉ स्कूलवाल्यांची आहे," काका म्हणाले. "लॅपटॉपवाल्यांची नाही."

काका म्हणजे माझे बॉस. कॅलिफोर्नियातले नावाजलेले इमिग्रेशन वकील, मूळचे पुण्याचे. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सर नको, काका म्हण." नंतर कळलं, काकांकडे ओव्हरटाइम मागता येत नाही.

दिवसा त्यांच्या ऑफिसात काम, संध्याकाळी मुलीला जेवू घालून ऑनलाइन लॉ स्कूल. त्या शाळेला राष्ट्रीय मान्यता नाही. बहुतेक राज्यं असल्या पदवीवर वकिलीच्या परीक्षेला बसू देत नाहीत. कॅलिफोर्निया देतं, पण पहिल्या वर्षानंतर एक जादा चाळणी परीक्षा लावून. शेवटची परीक्षा मात्र सगळ्यांना तीच. इथे शाळांना मान्यता देणारी मंडळं आहेत, मंडळांना मान्यता देणारं सरकारी खातं आहे. खात्याच्या वर कोण, हे विचारायचं नसतं. ही उतरंड मला नवी नव्हती.

दोन्ही परीक्षा पास झाले. लायसन्स मिळालं. इथले वकील पदव्या भिंतीवर टांगतात, म्हणून मीही टांगली. काकांच्या पदवीशेजारी.

"काका, लायसन्स तुमचं नि माझं एकच आहे." हातातून रक्त गळत होतं.

"तुमच्या लोकांना सगळं मागच्या दारानंच लागतं. तिकडे कोटा, इकडे ऑनलाइन."

इतक्या वर्षांत त्यांनी माझं आडनाव एकदाही उच्चारलं नव्हतं. विसरलेही नव्हते.

मी फोन काढला. त्यांनी जखमी हाताचं मनगट पिरगाळलं आणि मला फायलींच्या कपाटावर ढकललं. ओठात दात घुसला.

"आधी काचा उचल. घरातलं घरात ठेवायचं, कळलं?"

घर! त्या घराच्या फ्रिजला माझा डबा चालत नसे. मी पार्किंगमध्ये गाडीत बसून जेवायची.

काच उचलली. लांब, धारदार. त्यांच्या गळ्यावरची शीर उडत होती. खोटं कशाला सांगू, मी अंतराचा अंदाज घेतला. मग वाटलं, मेलेल्या माणसाची उलटतपासणी घेता येत नाही.

काच टेबलावर ठेवली. पोलिसांना फोन केला, त्यांच्यासमोर, त्यांच्याच ऑफिसचा पत्ता सांगत.

आता काकूंचे फोन येतात. "अगं, वडीलधारे आहेत. सोडून दे ना." माफी मात्र काकांनी मागितलेली नाही. मागितली तरी मला ती नको आहे.

मी दावा दाखल केला आहे. माझी वकील मीच. त्यांना शपथेवर बसवून विचारणार आहे: 'तुमचे लोक' म्हणजे कोण? ते चष्मा पुसतील, पाणी मागतील. पाणी मी देईन. प्रश्न मागे घेणार नाही.