पाटीवरचे स्क्रू

गिटारच्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरांचा तो जाणकार, पण गल्लीत सगळे त्याला ज्योतिषी म्हणत. फरक एवढाच, की खरा ज्योतिषी पुढचं सांगतो आणि हा मागचं सांगे. खोकं उलटं करायचं, मागच्या पत्र्याच्या पाटीवरचा क्रमांक वाचायचा आणि जन्मसाल सांगून मोकळं व्हायचं. कुठल्या कंपनीचं कुठलं वर्ष कुठल्या आकड्यापासून सुरू झालं, ते त्याला तोंडपाठ होतं. खोकं मात्र तो कधी उघडत नसे. गिऱ्हाइकांना वाटे, केवढा हा अधिकार!

अधिकार कसला, डोंबल! तो घाबरत होता. उमेदवारीच्या काळात एकदा त्याने प्लग काढून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये हात घातला होता. प्लग काढला तरी आतले कपॅसिटर वीज धरून बसतात, हे विसरला आणि थेट समोरच्या भिंतीवर जाऊन आदळला. तेव्हापासून पेचकस हातात घेतला की बोटं थरथरायची. हे ठाऊक होतं एकट्या बायकोला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती हसून म्हणायची, "पण कधीतरी उघडावी लागेल हो."

त्या दुपारी एक गिऱ्हाईक अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आलं. महिन्यापूर्वी ज्योतिषाने आपल्या भाचीला जुन्या बाजारात असाच घेऊन दिला होता, याच कंपनीचा. पाटीवरची धूळ पुसताना त्याच्या अंगठ्याला रिव्हेटची गोल डोकी लागली आणि हात तिथेच थांबला. ही कंपनी पाटी रिव्हेटनेच ठोकते, हे त्याला पाढ्यासारखं पाठ. मग भाचीच्या खोक्यावर काय होतं? डोळ्यांसमोर दोन स्क्रू आले. चांगले चकचकीत.

म्हणजे पाटी दुसऱ्याच खोक्याची होती. तिच्यावरचा आकडा वाचून तो ऐटीत म्हणाला होता, "हा नंतरचा आहे गं. यांना अर्थिंगची तार असते. बिनधास्त वाजव." त्याआधीच्यांना ती तारच नव्हती. आतला एक कपॅसिटर बिघडला की सगळ्या पत्र्यात आणि गिटारच्या तारांतसुद्धा वीज. तीन पिनांचा प्लग होता खरा, पण तो काय, कुणीही नवा बसवतो. तिसरी तार आत कुठे जोडली आहे का, हे उघडल्याशिवाय कळत नाही. आणि त्याने उघडलं नव्हतं.

भाचीचा फोन नुसता वाजत राहिला. तालमीत ती उचलत नसे. गिऱ्हाइकाला तसंच टाकून तो पळत सुटला. छापखान्याखालच्या तळघरात ती सराव करायची, ओलसर फरशीवर, अनवाणी. बूट घालून गाणं सुचत नाही म्हणायची पोर. बहिणीला काय तोंड दाखवू, एवढं एकच त्याच्या डोक्यात घोळत होतं.

जिन्यापाशी तो थबकला. खालून आवाज येत नव्हता. ना गिटार, ना गाणं. खाली उतरायचंच नाही, असं क्षणभर वाटलं. मग तो उतरला.

भाची भिंतीला टेकून बसली होती, गिटार मांडीवर, बोटं ओठांवर. शेजारी अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा चालूच होता. त्याने झडप घालून भिंतीतला प्लग उपटला.

"मामा! अरे, काय झालं?"

"गिटार बाजूला ठेव. आधी ठेव!"

तिने ठेवली. "माझ्या ओठांना काय होतंय कळत नाही रे. हल्ली गिटार वाजवताना माईकला लागले की मुंग्या यायच्या. आज तर झटकाच बसला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, कार्यक्रमाच्या भीतीनेच होतंय. तू हसला असतास. आणि तूच म्हणाला होतास ना, बिनधास्त वाजव म्हणून?"

रडू आलं ते त्याने लपवलं नाही. मग डोळे पुसून म्हणाला, "याची पाटी दुसऱ्याच खोक्याची आहे. वर छापखान्यातून पेचकस माग. रबरी मुठीचा."

तिने आणून दिला. त्याने खोकं उलटं केलं. पाटीकडे बघितलंसुद्धा नाही.

"मग हा खरा कुठल्या सालचा, मामा?"

"मला माहीत नाही गं," ज्योतिषी म्हणाला. "तू लांब उभी राहा." आणि थरथरत्या हाताने त्याने मागच्या पत्र्याचा पहिला स्क्रू फिरवला.