कोनशिलेवरचा पायलट

"मॅडम, तिथं फक्त पायलट लिवा. बाकी तुमचं समदं बराबर हाय."

कर्जतकडचे राजेंद्रभाऊ तिसऱ्यांदा हेच सांगत होते आणि मी तिसऱ्यांदा चष्मा पुसत होते. नगरात मी वीस वर्षं भाषांतरं करते. जन्मदाखले, मृत्युपत्रं, व्हिसाचे कागद. खाली माझा शिक्का पडतो, म्हणजे मुळात आहे तेच मराठीत आलंय याची हमी मी घेते. हे लोकांच्या गळी उतरवण्यातच निम्मी ताकद गेली.

भाऊंचे आजोबा, म्हणजे बापू, दुसऱ्या महायुद्धात एका ब्रिटिश फायटर विंगमध्ये होते. घरात फोटो आहे. बापू लढाऊ विमानाच्या कॉकपिटमध्ये, कपाळावर गॉगल. तेवढ्यावर गावाने त्यांना पायलट करून टाकलं. आता शाळेच्या नव्या हॉलला त्यांचं नाव द्यायचं होतं. 'फायटर पायलट' अशी कोनशिला कोरून तयार होती, रविवारी उद्घाटन. कार्यक्रमात वाचायला म्हणून भाऊंनी त्या विंगचा इतिहास इंग्लंडहून ईमेलने मागवला, भाषांतराला माझ्याकडे आणला आणि स्वतःच्या हाताने घोळ करून घेतला.

विंग म्हणजे एका अधिकाऱ्याच्या हाताखालच्या दोन-तीन स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या. ही विंग इंग्लंडहून बोटीने आली आणि ब्रह्मदेशाच्या सीमेवर राहिली. वेढ्यात अडकलेल्या फौजेला रसद टाकणारी मालवाहू विमानं शत्रूच्या विमानांपासून सांभाळायची, हे तिचं काम. पायलट मोजके, त्यांच्यामागे जमिनीवर शेकडो माणसं. त्या शेकडोंत, इथं भरती केलेल्यांमध्ये, बापूंचं नाव होतं. रोज सकाळी मेकॅनिक इंजिन पूर्ण जोरात चालवून बघायचे. तेव्हा शेपूट उचललं जाऊन विमान नाकावर आपटू नये, म्हणून शेपटावर माणूस झोपवायचे. बापू तो माणूस. कॉकपिटमधला फोटो तर विंगमधल्या स्वयंपाक्यांनीसुद्धा काढून घेतला होता, असं पुढच्याच पानावर होतं.

"शेपटावर झोपायचे, हे स्टेजवर वाचू का मी?" भाऊंचा आवाज चढला. त्यांचं तरी काय चुकलं? पत्रिका वाटून झाल्या होत्या. खरं सांगते, मी इतकी कंटाळले होते की लिहून टाकावं आणि मोकळं व्हावं असं मनात आलं.

भाऊंबरोबर त्यांची आत्या आली होती. बापूंची मुलगी, ऐंशीच्या घरातली. आत्यांनी विचारलं, "कसं झोपायचे, ते वाचा की बाई."

मी वाचलं. पालथं पडून, शेपूट दोन्ही हातांनी कवटाळून.

आत्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मरेस्तवर तसेच झोपायचे बापू. पालथे, बाज दोनी हातांनी गच्च धरून. आई म्हनायची, आवो, कुटं पडताय? तर नुसते हसायचे." मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांनी कवाच सांगितलं न्हाई इमान चालवलं म्हनून. आपनच म्हनलो. दगड बदल, राजा."

कागद घडी करून भाऊंनी खिशात ठेवले.

रविवारपर्यंत दगड बदलणं शक्य नव्हतं. आत्यांनी झेंडूचा जाड हार आणला आणि 'फायटर पायलट' झाकलं जाईल असा स्वतः बसवला. भाऊंनी स्टेजवरून भाषांतर शब्दन् शब्द वाचलं. शेपटाचं वाक्यही गाळलं नाही, असं मागाहून कळलं. महिन्याभरात 'पायलट' नसलेली नवी कोनशिला लागली.

हल्ली कागदांबरोबर कुणी फोटो आणला की मी तो उपडा ठेवते. आधी कागद वाचते.