ओल्या कापसाचं वजन

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझा मुलगा सुनील रडला. सून वंदना रडली नाही. "शाळेत कधी जाऊ?" एवढंच तिनं विचारलं. ती सेलूला शिक्षिका आहे.

आधी तिचा एक डोळा अंधुक झाला. मग हातातून खडू पडू लागला. या आजारात शरीराची राखण करणारी ताकद चुकून आपल्याच नसांवरचं आवरण खाते. मेंदूत सूज येते आणि तो इतरांपेक्षा लवकर आकसतो. याला ब्रेन व्हॉल्यूम लॉस म्हणतात. औषधानं आजार मुळातून जात नाही, आकसणं मंदावतं.

गोळ्यांनी हात सुधारला. मग दुसऱ्यांदा एमआरआय केला, म्हणजे यंत्रातून मेंदूचे फोटो. मेंदू आधीपेक्षा थोडा लहान निघाला. आम्ही सिंदीच्या बाजारात कापूस विकणारे लोक. कमी भरलं की नुकसान, हे आमच्या रक्तातच आहे. सुनील भडकला.

"औषधच डोकं खाऊन राह्यलं! बंद कर आजपासून."

वंदनानं गोळ्या पर्समध्ये टाकल्या. "डोकं माझं हाय. मॅडमले विचारल्याबिगर मी बंद नाई करत."

नवरा-बायको दवाखान्याच्या बाकावर एकमेकांकडे पाठ करून बसले. मी मधे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सुजेत पाणी असतं. औषधानं सूज उतरली की सुरुवातीला मेंदू लहान दिसतो. औषध सोडलं तर मात्र खरं नुकसान होईल."

मी सुनीलला म्हटलं, "काऊन रे, ओला कापूस वाळून कमी भरला, तं चोरी गेला म्हणतं का तू?"

वंदना हसली. "आई, हे तं वजन वाढवाले पाणी मारून नेतात बाजारात."

बाईही हसल्या, पण लगेच म्हणाल्या, "थोडा खराही गेला असेल, आजी. ते पुढच्या फोटोत कळेल."

खोटा धीर दिला नाही, म्हणून ही बाई मला आवडली.

पुढच्या वर्षी मेंदू जवळपास तेवढाच भरला. वंदना दुपारी थकते, उन्हात पाय जड होतात, पण वर्ग सोडत नाही. तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर घाबरा, पण औषध डॉक्टरांना विचारूनच सोडा.

वंदनाला पाहायला गेलो तेव्हा मी तिचे केस पाहिले, चाल पाहिली, पोळ्या पाहिल्या. डोकं कोणी पाहिलं नव्हतं. आता त्याचे फोटो मी कपाटात दागिन्यांशेजारी ठेवते.